रजेचं कारण

धरणेंद्र मगदूमला बँकेत नोकरी लागली तेव्हा गावात कुणाचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर त्याचा स्वतःचाही बसला नव्हता. बी.ए. झालेला पोरगा बँकेत लागला यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. तर बाबांनो, हा गडी बी.ए. झाला होता तो अर्धमागधी घेऊन! म्हणजे जी भाषा बोलणारा शेवटचा माणूस जाऊन किती शतकं झाली ते देवालाच ठाऊक, ती भाषा. सांगलीच्या बाजारात त्या भाषेत कुणी मूठभर मिरच्याही दिल्या नसत्या.

पण ही भाषा त्यानं आपल्या मनानं घेतली नव्हती. ती घ्यायला लावली होती त्याच्या वडलांनी, रायगोंडा आप्पांनी. आप्पा म्हणजे कृष्णाकाठचे चांगले जमीनदार शेतकरी. ऊस, हळद, दारात दोन बैलजोड्या. शिकलेले मात्र सही करण्यापुरते. रोज सकाळी नदीवर आंघोळ करून ओल्या पंच्यानं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायचे आणि तिथले उपाध्ये पोथी वाचायचे ती हात जोडून ऐकायचे. एकदा तरुणपणी त्यांनी उपाध्यांना विचारलं होतं, "ह्येचा अर्थ काय वो?" उपाध्ये म्हणाले, "अर्थ इच्यारू नये रायगोंडा, ऐकावं." ते आप्पांच्या मनाला जे लागलं ते लागलंच. आपल्या धर्माचं आपल्याला कळू नये म्हणजे काय? आपण काय बैल आहोत का, घंटा वाजली की मान हलवायला?

म्हणून पोराला सांगलीजवळ विश्रामबागला कॉलेजात घातला तेव्हा आप्पांनी स्वच्छ सांगितलं, "ती पोथीची भाषा शिक." भावकीतले लोक हसले. वकील कर, डाक्तर कर, ह्ये काय खूळ, म्हणाले. आप्पांनी कुणाला उत्तर दिलं नाही. पोराला तेवढं एकदा बांधावर बसून म्हणाले, "ह्ये बघ धरणू, जल्मभर नुसतं ऐकलं. आता जाताना जे वाचून दावतील ते तरी मला कळाय पायजे. तू वाचायचं. अर्थासकट."

धरणेंद्र म्हणाला, "वाचीन आप्पा. कवाबी."

असा तो शब्द दिलेला होता, आणि आपली गोष्ट त्या शब्दाची आहे. बँक मधे आली ती उगीच.

उगीच म्हणजे अशी. पंचेचाळीस साली बी.ए.चा निकाल लागला. मास्तरकी करावी तर शाळेत संस्कृतचे मास्तर आधीच दोन-दोन बसलेले, अर्धमागधी विचारतो कोण? तेवढ्यात कॉलेजातल्या एका प्रोफेसरांनी सांगितलं की, माहुली बँकिंग कंपनी नवीन पदवीधर घेते आहे. लढाईच्या तेजीत या बँकेनं चार-पाच शाखा उघडल्या होत्या आणि माणसं कमी पडत होती. धरणेंद्र गेला मुलाखतीला. समोर तीन डायरेक्टर. मधल्यानं अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अर्धमागधी? बँकेत काय करणार तिचं?"

धरणेंद्रला घाम फुटला. पण माणूस अडचणीत सापडला की कधीकधी त्याला बरं सुचतं. तो म्हणाला, "साहेब, जुन्या पोथ्या वाचताना एकाच अक्षराची दहा वळणं बघायला लागतात. कुठलं लिहिणाऱ्याचं आणि कुठलं मागनं कुणी घुसडलेलं, ते ओळखायची डोळ्याला सवय होते. सह्या तपासायला ती उपयोगी पडेल."

तिघेही हसले, आणि नोकरी लागली. सातारा शाखेत प्रोबेशनर. पक्की नव्हे, उमेदवारीची.

आणि काय सांगू तुम्हाला, गड्यानं ते खरं करून दाखवलं. बँकेत चेक आला की त्यावरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी ताडून बघतात. हे काम धरणेंद्रकडं आलं. पाचच महिन्यांत त्यानं दोन खोट्या सह्या धरल्या. त्यातली एक तर सावकाराच्या सख्ख्या जावयानं केलेली! साताऱ्यात आठ दिवस तोच विषय. कॅशियर भाऊसो माने हा शाखेतला जुना माणूस, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. तो सुरुवातीला रोज चिडवायचा, "बीए सायेब, आज काय अर्धमागधीत नोटा मोजून दावता का?" जावयाच्या प्रकरणानंतर त्यानं चिडवणं सोडलं आणि स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी द्यायला लागला. धरणेंद्र दिवस मावळायच्या आत जेवतो, कांदा-लसूण खात नाही, हे कळल्यावर बायकोला सांगून बिनलसणाची करून आणायचा. शाखेत काम कितीही असो, पाच वाजले की ओरडायचा, "सोडा रं त्येला, त्येचा सूर्य बुडाला तर ह्यो उपाशी ऱ्हाईल!"

धरणेंद्रला हे सगळं आवडायला लागलं. खोटं कशाला बोला? पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, लोक 'मगदूम साहेब' म्हणतात. आणि सगळ्यात आवडली ती एक गोष्ट: आपल्या डोळ्याखालून खोटं जात नाही ही. त्याचा त्याला अभिमान वाटायचा, आणि अभिमान एकदा शिरला की तो कुठल्या बाजूनं माणसाला खाईल याचा नेम नसतो.

दिवाळीला तो घरी गेला. साखर रेशनवर, तरी भाऊसोच्या वशिल्यानं साताऱ्याचे कंदी पेढे मिळवले होते. आप्पा वाळलेले दिसले. आवाज बसलेला, बोलताना घसा खाकरायचे. जेवायला भाताची पेज आणि दूध.

"भाकरी का नाही आप्पा?" त्यानं विचारलं.

"दात गेल्यात रं," आप्पा म्हणाले. आई, चंपाबाई, चुलीकडं तोंड करून बसली होती. तिनं मान वळवली नाही.

त्यानं आप्पांच्या हातावर पेढा ठेवला. आप्पांनी तो तोंडात घातला, बराच वेळ घोळवला आणि मग "जरा गोठ्यात बघून येतो," म्हणून उठून गेले. धरणेंद्र बहिणीला, शालनला, जावयाच्या सहीची गोष्ट सांगत होता. शालन सोळा वर्षांची, चार बुकं शिकलेली, भावावर जीव टाकणारी. ती तोंडाला पदर लावून हसत होती. आप्पा परत आले, त्यांनी सगळी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "डोळं चांगलं हाईत तुझं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बस्तीतून पोथी मागून आणली. "वाच की जरा. जमतंय का बघू." धरणेंद्रनं दोन पानं वाचली, अर्थ सांगितला. आप्पा असे ऐकत होते की हलले नाहीत. पण गावातली मंडळी भेटायला आली, बँकेच्या गप्पा निघाल्या, पोथी बाजूला राहिली. जाताना तो म्हणाला, "पुढच्या खेपेला सगळी वाचू आप्पा. बैजवार." आप्पा म्हणाले, "व्हय, बैजवार." आणि वेशीपर्यंत पोचवायला आले.

पुढची खेप आलीच नाही. लढाई संपली होती, सातारा जिल्ह्यातले शिपाईगडी पलटणीतून सुटून थव्यानं परत येत होते. मेसोपोटेमिया, ब्रह्मदेश, इटली, कुठून कुठून. हातात पगाराची रक्कम, ती ठेवायची बँकेत. एकेकाचं खातं उघडायचं, नमुन्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा. सकाळपासून ओटा माणसांनी भरलेला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला.

मार्च महिन्यात एका सोमवारी त्या गर्दीतून ओळखीचा चेहरा पुढं आला. गावातले आप्पासो चौगुले. गुळाच्या कामानं साताऱ्याला आलेले. ते बाकावर बसले, पाणी प्याले आणि मग म्हणाले, "धरणू, तुझ्या आप्पानं सल्लेखना घेतली बघ. गावात स्वामी आल्यात, त्येंच्या म्होरं. धान सोडलंय. तुला निरोप दिलाय. घाई करू नगो म्हणाले, खरं वाचायला तेवढं ये म्हणाले."

धरणेंद्रच्या हातातलं कार्ड खाली पडलं. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला दुःख झालं नाही. छाती भरून आली. सल्लेखना! जी आपण पुस्तकात वाचली, जिच्यावर परीक्षेत चार पानं लिहिली, ती आपल्या बापानं घेतली. गावात पिढीत एखादाच घेतो. दुःख झालं ते नंतर, आप्पासो गेल्यावर, आणि तेव्हा तो मागच्या अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

मॅनेजर होते शिधये. अठ्ठावन्न वर्षांचे, तपकीर ओढणारे, नियमाला चिकटून असलेले, पण माणूस वाईट नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळीच धरणेंद्र त्यांच्यापुढं उभा राहिला.

"रजा? आत्ता?" शिधये म्हणाले. "कारण काय? वडील आजारी आहेत?"

"नाही साहेब. त्यांनी व्रत घेतलंय."

"उपास?"

"उपास नव्हे साहेब. आमच्यात आयुष्य सरत आलं की माणूस आपण होऊन एकेक अन्न सोडत जातो. आधी धान्य, मग दूध, मग ताक, शेवटी पाणी. रागानं नव्हे, कंटाळून नव्हे. शांतपणे."

शिधयांनी डबीतून चिमूट घेतली, पण नाकाला लावली नाही. "म्हणजे कुणीही उठून घ्यावं?"

"छे साहेब! शास्त्रानं कारणं घालून दिलीत." धरणेंद्र परीक्षेत सांगावं तसं सांगायला लागला. "फार म्हातारपण, मोठा दुष्काळ, नाहीतर बरा न होणारा आजार. त्याशिवाय स्वामी परवानगीच देत नाहीत."

"मग तुमच्या वडलांचं कारण कोणतं?"

"म्हातारपण," धरणेंद्र पटकन म्हणाला.

"वय काय त्यांचं?"

"साठीच्या आसपास."

शिधयांनी डबी मिटून तिच्यावर बोट ठेवलं. "अहो मगदूम, साठी म्हणजे म्हातारपण? मग मी काय उद्यापासून ताकावर राहू?"

धरणेंद्र कसनुसा हसला. साहेबांना आपल्यातलं काय कळणार, असं त्याच्या मनात आलं. आता यावर काय बोलायचं! तपकिरीच्या डबीवर बोट ठेवून बसलेल्या माणसानं, ज्याला त्या शास्त्रातलं अक्षर ठाऊक नव्हतं, त्यानं नेमका प्रश्न विचारला होता. आणि चार पानं लिहून पहिला आलेला हा शहाणा हसून मोकळा झाला.

शिधयांनी नियमांची वही उघडून त्याच्यापुढं केली. प्रोबेशनरला पहिल्या वर्षात रजा दोनच कारणांनी: आई, वडील किंवा स्वतः आजारी, अगर जवळच्या माणसाचा मृत्यू. "यात तुमचं कुठं बसवू? तुम्ही सरळ वडील आजारी आहेत असं लिहा. मी आत्ता सही करतो. आज दुपारच्या मोटारीनं जा."

धरणेंद्रनं टाक उचलला, शाईत बुडवला आणि तो तसाच धरून उभा राहिला. व्रतात बसलेल्या माणसाला आजारी म्हणायचं? ज्यानं आपल्या पायांनी चालत जाऊन हे मागून घेतलं, त्याला खाटेवर पडलेला रोगी करायचं? आणि त्या खोट्याखाली सही करायची आपण, ज्यानं सावकाराच्या जावयाला धरला? नाही. त्यानं कारण लिहिलं: 'वडिलांचे सल्लेखना व्रत.' खाली ठसठशीत सही केली.

शिधयांनी सुस्कारा सोडला. "मग मला हे हेड ऑफिसला पुण्याला पाठवायला लागेल. तिथून मंजूर होईपर्यंत थांबा."

बाहेर आल्यावर भाऊसोनं त्याला अक्षरशः कॉलर धरून कोपऱ्यात नेलं. "आवं, डोकं फिरलंय का तुमचं? लिव्हायचं की आजारी! कोण बघाय येतंय?"

"ते आजारी नाहीत भाऊसो. कसं लिहू?"

"बाप मराय लागलाय आन् ह्यो कसं लिव्हू म्हणतोय!" भाऊसोच्या डोळ्यांत पाणी आलं. "येवढं खरं बोलून काय मिळणार हाय तुमास्नी?"

"अजून वेळ आहे," धरणेंद्र म्हणाला. आणि तसं त्याला मनापासून वाटत होतं. धान्य आत्ता कुठं सोडलंय. मग दुधाचे दिवस, मग ताकाचे, मग पाण्याचे. हळूहळू, शरीराला कळत-नकळत. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. त्याच्या हिशेबानं आप्पांना अजून महिना सहज होता.

त्या आठवड्यातला रविवारही गेला, कारण तपासनीस आले होते आणि कुणी गाव सोडायचं नाही असा हुकूम होता. धरणेंद्र सह्या ताडत राहिला. सकाळी उठला की मनात म्हणायचा, आज दूध चालू असेल. मग म्हणायला लागला, आज ताक असेल. खोलीवर एकटाच पोथीतल्या गाथा म्हणून बघायचा, अर्थ साध्या बोलीत, आप्पांना कळेल असा, लावून बघायचा. एकेका शब्दासाठी अडायचा. 'देह' म्हणू की 'कुडी'? आप्पांना कुडी म्हटलेलं जवळचं वाटेल. अशी त्याची तयारी चालली होती.

पुढच्या शुक्रवारी पुण्याहून उत्तर आलं. शिधयांनी त्याला आत बोलावलं आणि कागद नुसता पुढं सरकवला. वाचून दाखवायची त्यांनाच लाज वाटली असावी. 'नमूद केलेले कारण नियमांत नाही. सदर कारण आजार या सदरात मोडते की मृत्यू या सदरात, याचा अर्जदाराने खुलासा करावा.'

धरणेंद्रनं ते दोनदा वाचलं. मग डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. "उद्या मी जातो साहेब. नोकरी राहो नाहीतर जावो."

"जा," शिधये म्हणाले. "टोपी घाला आणि जा. मी बघतो काय ते."

शनिवारी दुपारी त्यानं मोटार धरली. लढाई संपली तरी पेट्रोल कुठं होतं? कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार, मागं ही मोठी टाकी. कराडपर्यंत नीट आली आणि कासेगावाच्या चढाला बसली. सगळे उतरून ढकलायला लागले. ढकलून ढकलून हाताला फोड आले, पण ती काही केल्या चालू होईना. दिवस मावळला. कुणीतरी भाकरी पुढं केली, ती त्यानं हात जोडून परत केली. सकाळी दुसरी मोटार मिळाली आणि सांगलीला उतरून तो जवळजवळ पळतच नदीच्या वाटेनं निघाला.

गावाच्या अलीकडं माणसं नदीवरून परत येताना दिसली. सगळ्यांची डोकी ओली. पुढं आप्पासो होते. धरणेंद्रला बघून ते थांबले आणि त्यांनी मान खाली घातली.

"पहाटं गेले," ते म्हणाले. "तुझा काय पत्त्या न्हवता. आपल्यात मयत ठेवून घेत न्हाईत. तुझ्या चुलतभावानं अग्नी दिला."

धरणेंद्र रस्त्यावरच खाली बसला. "पण एवढ्यात कसं?" तो परत परत तेच म्हणत होता. "एवढ्यात कसं? अजून ताक असायला पाहिजे होतं." लोकांना वाटलं, पोराला भ्रम झाला.

घरी आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं त्याला जवळ घेतलं, रडू दिलं आणि मग सांगितलं. तिच्यानं आता लपवणं होईना.

"दोन वरसं झाली बाळा. घशात गाठ हुती त्येंच्या. मिरजंच्या डाक्तरानं सांगितलं, ह्येला औषिद न्हाई. मला शपथ घातली, पोराला सांगायचं न्हाई. आधी तुझी परीक्षा हुती. मग नवी नोकरी. म्हणले, त्येचं बस्तान बसू दे. दिवाळीपास्नं दुधाशिवाय काय उतरत न्हवतं. मागच्या म्हैन्यात त्येबी उतरंना. मग स्वामी आल्यावर म्हणले, आता कुडीनंच सोडलंय, तर आपण राजीखुशीनं सोडू."

धरणेंद्रला दिवाळी आठवली. पेढा आठवला. तोंडात घोळवून गोठ्याकडं गेलेले आप्पा आठवले. ते गोठ्यात कशाला गेले होते ते आता कळलं. फार म्हातारपण, मोठा दुष्काळ, नाहीतर बरा न होणारा आजार. आपल्याच तोंडानं साहेबाला सांगितलं. तिसरं कारण सांगताना जीभ एवढीही अडखळली नाही.

शालन उंबऱ्यात उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. आईनं पाणी आणायला सांगितलं तरी ती हलली नाही.

"आण्णा, रजा देईनात व्हय बँकंत?"

"आजारी असले तरच देतात."

"मग आजारी हाईत म्हणून सांगायचं की," शालन म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.  धरणेंद्रला एवढंच म्हणता आलं असतं, की मी खोटं लिहायला तयार नव्हतो. आणि ते तर खोटं नव्हतंच.

दुपार कलली. शेजारच्या रंगुबाईनं भाकरी आणि आमटी आणून ठेवली. "दिस मावळायच्या आत दोन घास खा," म्हणून ती सांगून गेली. कुणी ताटाला हात लावला नाही. शालन आत गेली आणि फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आली. त्याच्याजवळ बसून तिनं ती उघडली.

"कुणी वाचली?" धरणेंद्रनं विचारलं.

"मीच. उपाध्यास्नी आप्पा नको म्हणले. म्हणले, शालू, तू वाच, धरणू येऊस्तवर. मला काय येतंय? अक्षराला अक्षर लावून वाचायची. एक गाथा झाली की आप्पा म्हणायचे, अर्थ? मी म्हणायची, आण्णा आल्यावर सांगंल. मग म्हणायचे, बरं, म्होरं वाच." तिनं डोळे पुसले. "शेवटाला बोलता येईना. तवा नुसतं बोट वर करायचे. अर्थ? मी परत तेच सांगायची. काल दिवसभर ह्या एकाच गाथेवर बोट ठिवलं हुतं. म्होरं जाऊच देईनात. तीच तीच वाचून घेतली. सांग की आण्णा, काय हाय हिचा अर्थ?"

तिनं वाचली. जिथं तोडू नये तिथं तोडून, जिथं थांबू नये तिथं थांबून. धरणेंद्रला ती पाठ होती. साताऱ्याच्या खोलीत तिचा अर्थ त्यानं साध्या बोलीत लावूनही ठेवला होता. तो सांगायला लागला.

"घर मोडकळीला आलं, आणि ते आता दुरुस्त होत नाही हे कळलं, की शहाणा माणूस रडत बसत नाही. कुडीचंही तसंच. तो दार लोटून घेतो आणि निघतो. मागं कुणावर राग ठेवत नाही..." इथं तो थांबला.

"आन् म्होरं?"

"आणि कुणाची वाट बघत नाही."

शालननं पोथी मिटली. फडक्यात बांधली, गाठ मारली. उन्हं ओसरीवरून खाली उतरली होती.

"मग बरं झालं आण्णा, त्यास्नी अर्थ कळला न्हाई," ती म्हणाली. "ते तुझी वाट बघत हुते."